चेन्नईचा डिसेंबर: अंदाज कसा वाचायचा

आपल्याकडे कपाटातून स्वेटर निघतात, तेव्हा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर छत्र्या उघडलेल्या असतात. ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मान्सून हाच तिथला मुख्य पाऊस. वर्षाच्या पावसाचा जवळपास निम्मा वाटा त्याचा. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की चेन्नईकर हवामान खात्याचं पत्रक बघू लागतात.

त्यातले आकडे २४ तासांचे असतात. ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’, २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा.

पण नुसत्या मिलिमीटरवर विसंबू नये. वादळामुळे समुद्र फुगला की अड्यार आणि कूवम या नद्यांचं पाणी मुखाशीच तुंबतं आणि शहरात पसरतं. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळ जमिनीवर आलं ते थेट आंध्रात, बापटलाजवळ. बुडाली मात्र चेन्नई. वादळ किनाऱ्याला कुठे धडकणार यापेक्षा ते किनाऱ्याजवळ किती वेळ रेंगाळणार, हे आधी बघावं. मच्छीमारांसाठीचा इशारा वेगळा निघतो, आणि तो बहुधा पावसाच्या आधीच येतो.