मेंदूतील गाठ आणि डुकरांचा पट्टकृमी

शेतात राबणाऱ्या धडधाकट तरुणास एके दिवशी अचानक फेफरे येते. मंडळी त्याच्या नाकाशी कांदा किंवा पायताण धरतात, त्याने काही होत नाही. पुढे शहरात सीटी स्कॅन काढला की मेंदूत वर्तुळाकार गाठ दिसते. ‘अर्बुदाची शक्यता’ हे शब्द ऐकताच घर हवालदिल होते व जमीन गहाण टाकण्याच्या गोष्टी सुरू होतात. परंतु अशी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. क्षयाची गाठ, वाहत्या कानातून मेंदूत पोचलेला पू आणि कृमीची अळी यांची चित्रेही तशीच दिसतात.

आपल्या देशात अशा लहान गाठी पूर्वी सरसकट क्षयाच्या समजत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी तपासल्या, तेव्हा त्यांतील बहुतेक डुकरांच्या पट्टकृमीच्या अळीमुळे झालेल्या निघाल्या. १९८९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अळीची गाठ बहुधा २० मिलिमीटरांहून लहान असते. तिच्यात अळीचे डोके ठिपक्यासारखे दिसले, तर निदान जवळजवळ निश्चित होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी वाढतो; मेंदूत अळी होते ती मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून पडतात. कृमीच्या एका पेरात सुमारे ५०,००० अंडी असू शकतात. म्हणूनच ज्याने जन्मात मांसाला स्पर्श केला नाही, अशा माळकऱ्यासही हा रोग जडतो. शेजाऱ्याची विष्ठा भाजीवरून, पाण्यातून किंवा न धुतलेल्या हातांवरून त्याच्या ताटात येते.

फेफऱ्याचे औषध नियमित घेतल्यास अनेकांची लहान गाठ काही महिन्यांत आपोआप विरते. जंताच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. अळी मरताना मेंदूला सूज येते, म्हणून ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

ग्रामसेवकांनी शौचकूपांचा आग्रह धरावा, डुकरे मोकाट सोडू देऊ नयेत आणि न कुजलेले सोनखत भाजीपाल्यास घालण्यापासून शेतकऱ्यांस परावृत्त करावे. मांसात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसल्यास ते खाऊ नये. कोणाच्या शौचात पांढऱ्या चपट्या फितीचे तुकडे आढळल्यास त्या घरातील सर्वांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी.