पळणारी कोळंबी, थांबलेलं वांगं

कोळंबी-वांगं पहिल्यांदा केलं तेव्हा मी आळशी माणसाचा रस्ता धरला. कांदा परतला, लसूण-मसाला घातला आणि मग कोळंबी, वांग्याच्या फोडी, आमसुलं असं सगळं एकदमच कढईत लोटलं. वर झाकण. दहा मिनिटांनी उघडून पाहतो तर कोळंबीच्या आवळलेल्या गोळ्या झालेल्या, दाताला रबरासारख्या लागणाऱ्या, आणि वांगं अजून कचकच वाजतंय. कढई एक, गॅस एक, घड्याळातली दहा मिनिटंही तीच. एकीला ती फार झाली आणि दुसऱ्याला पुरली नाहीत.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, वांगं मऊ होईस्तोवर कोळंबीला हात लावायचा नाही. आणि आमसूल सगळ्यात शेवटी." का, ते तिने सांगितलं नाही आणि मलाही तेव्हा भूक जास्त होती. नंतर ते 'का' शोधायला बसलो, आणि एका साध्या कढईत किती गोष्टी चालतात हे पाहून थक्क झालो. सगळ्याचं मूळ एका गोष्टीत निघालं: कोळंबी पळून जगते, वांगं एका जागी उभं राहून जगतं.

आधी पळणारीकडे पाहू. बाजारातून वाटा आणला की आपण जी सोलून खातो ती कोळंबीची शेपटी. काळीज, पोट हे सगळं पुढच्या भागात, ज्याला आपण डोकं म्हणतो त्यात असतं. मागे उरतो तो जवळपास निव्वळ स्नायू, आणि पाठीतून जाणारा तो काळा दोरा, म्हणजे तिचं आतडं. एवढा स्नायू कशासाठी? तर एका हिसक्यासाठी. शत्रू दिसला की कोळंबी शेपूट पोटाकडे फाडकन दुमडते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उलटी मागे फेकली जाते. या हिसक्याचा हुकूम पोचवणाऱ्या तिच्या नसाही तशाच तयारीच्या. जपानच्या समुद्रातल्या एका जातीच्या कोळंबीत हा संदेश सेकंदाला २०० मीटरच्या आसपास वेगाने धावतो. माणसाच्या सगळ्यात वेगवान नसा १२० मीटरच्या घरात थांबतात. म्हणजे वाट्यातली ती ओली, निपचित कोळंबी या बाबतीत आपल्याला केव्हाच मागे टाकून गेलेली असते.

आता हे मांस कसं असेल ते ओघानेच आलं. बोकड चार पायांवर आयुष्यभर स्वतःचं वजन पेलतो, म्हणून त्याच्या स्नायूंना कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचे पट्टे बांधून धरतात. ते विरघळायला मटण तासभर रटरटावं लागतं. कोळंबीचा भार पाण्याने तोललेला. तिला बांधून ठेवणारं कोलॅजेन फारच थोडं. त्यामुळे तिथे विरघळवायचं असं काही नसतंच. फक्त स्नायूंमधली प्रथिनं उकलून एकमेकांना धरायची असतात. ते काम ५० अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होतं आणि ६०–६५ अंशांपर्यंत उरकतं. त्यापुढचा प्रत्येक अंश नुकसानीचा. प्रथिनांची जाळी आवळत जाते आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकते. कोळंबीच्या वजनात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे पिळायला ऐवज भरपूर. माझ्या त्या रबरी गोळ्या म्हणजे पिळून काढलेल्या कोळंब्या होत्या.

ती शिजताना गोल का होते, याचं उत्तरही त्या हिसक्यात आहे. शेपूट पोटाकडे दुमडणारे स्नायू पाठीकडच्या स्नायूंपेक्षा कितीतरी जाड असतात. उष्णतेने दोन्ही आखडतात, पण जाड बाजू जिंकते. कढईत ती पुन्हा एकदा, शेवटची, तीच पळण्याची उडी मारत असते, सावकाश. ही उडी मधेच पकडायची. कोळंबीची चंद्रकोर झाली की झाली. तिचं शून्य झालं की तुमचंही जेवण शून्य.

आता वांग्याकडे. त्याला पळता येत नाही. ऊन, वारा, किडे, सगळं एका जागी उभं राहून सोसायचं म्हटल्यावर झाड भिंती बांधतं. वांग्याची प्रत्येक पेशी सेल्युलोजच्या भिंतीत बंद असते आणि शेजारशेजारच्या भिंती पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने सांधलेल्या असतात. पेरूच्या जेलीला घट्टपणा देतं तेच हे पेक्टिन. भाजी मऊ होते म्हणजे हा सांधा सुटतो. पण तो ८५ अंशांच्या खाली फारसा दाद देत नाही, आणि त्याच्या वरही घाई करत नाही.

म्हणजे कोळंबीला हवे साठ-पासष्ट अंश आणि मोजकी मिनिटं. वांग्याला हवं उकळीच्या जवळचं तापमान आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ. एकाच कढईत एकाच वेळी ही दोन तापमानं ठेवता येत नाहीत. जे जागेने साधत नाही ते क्रमाने साधायचं. आईच्या वाक्यात एवढं सगळं होतं.

आमसुलाचंही उत्तर पेक्टिनमध्येच सापडलं. आंबट पाण्यात पेक्टिनचे सांधे जास्त टिकून राहतात. चिंच, टोमॅटो, आमसूल यांच्या संगतीत बटाटा किंवा वांगं लवकर मऊ होत नाही ते यामुळे. मी सुरुवातीलाच पाच आमसुलं टाकून त्या बिचाऱ्या वांग्याच्या भिंती आणखी पक्क्या केल्या होत्या. त्याला दहा मिनिटं पुरली नाहीत यात त्याचा काय दोष?

वांग्याची आणखी एक गंमत कढईत समोर दिसते. त्याचा गर स्पंजासारखा असतो, पेशींच्या मधे हवेच्या पोकळ्या. फोडी तेलात टाकल्या की कढई कोरडी ठाक. नवखा माणूस घाबरून आणखी तेल ओततो. थोडं थांबा. भिंती ढासळल्या की पोकळ्या मिटतात आणि प्यायलेल्या तेलातलं बरंचसं वांगं परत करतं. 'तेल सुटलं' असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर भिंती पडल्याची बातमी देत असतो. फोडींवर आधीच मीठ टाकलं तर काम आणखी सोपं होतं. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं आणि भाजी अंगच्या पाण्यात शिजू लागते.

इथे आपल्याकडची एक युक्ती पाहण्यासारखी आहे: कढईवर ताटली झाकायची आणि ताटलीत पाणी घालायचं. एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात, पण उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० च्या आसपास. ही सगळी उष्णता वाफ पोटात घेऊन फिरते आणि वांग्याच्या फोडीला टेकून तिचं पुन्हा पाणी झालं की तिथे रिती करते. उरलेली वाफ वर जाते, गार ताटलीच्या तळाला लागते, थेंब होऊन परत खाली पडते. कढईतल्या कढईत पाऊस पडत राहतो, त्यामुळे वरून वेगळं पाणी फारसं घालावं लागत नाही. आणि घालावंच लागलं, तर ताटलीतलं पाणी एव्हाना कडकडीत झालेलं असतं. ते ओतलं तर उकळी मोडत नाही. थर्मास नाही, पंप नाही, एक ताटली.

वांगं मऊ झालं. आता कोळंबीची पाळी, आणि आता डोळे मिटायचे नाहीत, कारण पुढच्या मिनिटात रंग बदलणार आहे.

कच्ची कोळंबी राखाडी, किंचित निळसर. हा तिचा खरा रंग नव्हे. तिने तो झाकून ठेवलेला असतो. तिच्या कवचात आणि कवचाखालच्या पातळ त्वचेत अ‍ॅस्टाझँथिन नावाचं नारिंगी-लाल द्रव्य असतं, गाजराच्या रंगाचं जवळचं भावंड. ते एका प्रथिनाच्या मिठीत बसलेलं असतं. त्या मिठीत त्याचा आकार असा काही ताणला जातो की ते वेगळेच किरण शोषू लागतं आणि आपल्याला लालऐवजी निळं-करडं दिसतं. शेवंडीच्या एका मोठ्या भाईबंदाच्या, म्हणजे लॉबस्टरच्या, कवचातल्या या प्रथिनाला क्रस्टासायनिन म्हणतात. जॉर्ज वॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. याच वॉल्डना पुढे १९६७ मध्ये डोळा कसा पाहतो यावरच्या कामासाठी नोबेल मिळालं. डोळ्याच्या पडद्यावरही अशाच कुळातलं एक द्रव्य प्रथिनाच्या मिठीत बसलेलं असतं, तेव्हा त्यांचं कवचापाशी रेंगाळणं काही भलतंच नव्हतं.

गरम कढईत ते प्रथिन उकलतं, मिठी सुटते आणि नारिंगी आपल्या खऱ्या रूपात येतो. सोललेल्या कोळंबीवर उमटणारे ते तांबूस पट्टे म्हणजे उकललेल्या प्रथिनाची पावतीच. फक्त एक सावधगिरी: ही पावती बाहेरच्या थराची आहे. आतली काचेसारखी झाक जाऊन मांस दुधी पांढरं झालं की खरी वेळ आली.

आणि हा रंग कोळंबीने स्वतः बनवलेला नाही. तो मूळचा शेवाळाचा. पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ त्याचं रंगद्रव्य तयार करतं, ते इवल्या जीवांच्या पोटात जातं, तिथून कोळंबीत. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत जे रोहित पक्षी उतरतात, त्यांचा गुलाबीही याच जातीच्या उधारीवर. ऐरोलीच्या चिखलात एका पायावर उभा असलेला रोहित आणि तुमच्या कढईतली कोळंबी एकाच रंगाऱ्याचं गिऱ्हाईक आहेत.

चवीचंही तसंच. कोळंबीला जी गोडसर चव असते ती साखरेची नव्हे. समुद्राचं पाणी खारं, ते शरीरातलं पाणी खेचून घेऊ पाहतं. त्याला तोंड द्यायला कोळंबी आपल्या पेशींत सुटी अमिनो आम्लं भरून ठेवते, आणि त्यातलं एक मुख्य म्हणजे ग्लायसिन. त्याचं नाव ग्रीकमधल्या 'गोड' या शब्दावरून पडलं आहे. १८२० मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते सरसातून पहिल्यांदा वेगळं केलं तेव्हा त्याला वाटलं की ही साखरच आहे. आपण जिला 'ताजी, गोड कोळंबी' म्हणतो, ती मिठाशी चाललेल्या झुंजीची शिदोरी असते.

इतका वेळ मी कोळंबी आणि वांगं यांना समोरासमोर उभं केलं. पण मांडून ठेवा दोघांना अर्धा तास ओट्यावर. वांग्याची फोड तपकिरी पडेल. कोळंबीची डोकी काळी पडायला जरा जास्त वेळ लागेल, पण पडतील. दोन्हीकडे कामाला लागतात ती एकाच प्रकारची विकरं, त्यांच्या गाभ्यात तांबं असलेली. चिरलेल्या जागी झाड त्यांच्या मदतीने जखमेचं संरक्षण करतं. कोळंबी त्यांनीच जखम बुजवते आणि कात टाकल्यावर नवं कवच कडक करते. एक चिखलात वाढलेली, दुसरं वाफ्यात, आणि जखमेवरचं औषध जवळपास सारखं! वांगी चिरून पाण्यात टाकायची आणि कोळंबी आणल्या आणल्या डोकी काढून गार जागी ठेवायची, या दोन सवयी म्हणून एकाच आजारावरच्या आहेत.

तर आता माझा क्रम असा. कोळंबी सोलून, काळा दोरा काढून, हळद-मीठ लावून बाजूला. लोखंडी कढईत तेल, ठेचलेली लसूण, कांदा, मग मालवणी मसाला. वांग्याच्या फोडी, मीठ, वर पाण्याची ताटली, आठ-दहा मिनिटं. फोड उलथन्याने सहज दबली की कोळंबी पसरून घालायची, एकीवर एक ढीग नाही. ढीग झाला की सुटलेलं पाणी उडून जायला जागा राहत नाही आणि कढई परतण्याऐवजी उकडत बसते. दीड-दोन मिनिटांनी उलटायची. मग आमसुलं. कोळंबीच्या वासातलं जे उग्र, मासळी-बाजारी असतं त्याला आमसुलाचा आंबटपणा बांधून टाकतो, ते हवेत उडतच नाही. चंद्रकोरी दिसल्या की गॅस बंद. लोखंड तापलेलंच असतं, उरलेलं काम ते करतं.

मासळीवाल्या मावशींना मी एकदा ही सगळी पेक्टिन-प्रथिनांची कथा सांगितली. कोयत्यावर हलवा कापता कापता त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "दादा, कोळंबीला कढई दाखवायची आणि काढायची. एवढं कशाला पायजे?"

बरोबरच आहे, शिजवायला एवढं लागत नाही. पण जेवण संपत आलं की ताटात नारिंगी तवंग उरतो. तो मिरचीचा असतोच, पण सगळा मिरचीचा नसतो. शेवाळाचा तो रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने तो पुसून घेताना मी हल्ली जरा थांबतो.