नाताळची रात्रपाळी

१९८७च्या डिसेंबरात पश्चिम जर्मनीतल्या क्लाउस्टाल इथल्या तांत्रिक विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने शुभेच्छांचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. तो चालवला की पडद्यावर अक्षरांचं नाताळझाड उमटायचं. पाहणारा ते पाहत असतानाच प्रोग्रॅम त्याच्या यादीतल्या प्रत्येक पत्त्यावर स्वतःची प्रत पाठवून मोकळा व्हायचा. युरोपातल्या विद्यापीठांच्या जाळ्यातून तो अमेरिकेत पोचला, तिथून आयबीएमच्या अंतर्गत जाळ्यात शिरला आणि ते तुंबलं. पुढच्याच डिसेंबरात ‘फादर ख्रिसमस’ नावाचा वर्म डेकनेट जाळ्यावर फिरला. दोन्हींमध्ये चोरीचा हेतू नव्हता. पण सणाच्या दिवसांत माणूस आलेलं पत्र बिनधास्त उघडतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

पुढच्या पंचवीस वर्षांत या बेसावधपणाला बाजारभाव आला. त्याची सगळ्यात कडू कहाणी अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीची. २०१३ साली थँक्सगिव्हिंग २८ नोव्हेंबरला होता. त्याच्या आदल्या दिवसापासून टार्गेटच्या गल्ल्यांवर ग्राहकांची कार्डं चोरली जात होती. चोर आत आले होते ते वातानुकूलन यंत्रणेचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लॉगिनने. ते सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील घेऊन गेले, शिवाय सुमारे ७ कोटी ग्राहकांची वैयक्तिक माहितीही.

पहारा नव्हता असं मात्र नाही. काही महिन्यांपूर्वीच टार्गेटने फायरआयची महागडी यंत्रणा बसवली होती आणि तिने धोक्याचा इशारा दिलाही. बंगळुरूत बसलेल्या देखरेख पथकाने तो पाहिला, मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवला. तिथे तो पडून राहिला. घातक प्रोग्रॅम आपोआप काढून टाकण्याची सोय त्या यंत्रणेत होती, पण ती बंद ठेवलेली होती. अमेरिकी माध्यमांनी हा तपशील २०१४च्या मार्चमध्ये उघड केला आणि मे महिन्यात मुख्य कार्यकारी अधिकारी ग्रेग स्टाइनहाफेल यांनी पद सोडलं.

हा प्रसंग मला आजही अस्वस्थ करतो, कारण त्यात आपली माणसं आहेत. यंत्राने आपलं काम केलं, बंगळुरूच्या पाळीने आपलं काम केलं. पण ‘हे आत्ता थांबवा’ म्हणण्याचा अधिकार समुद्रापलीकडे होता, आणि तिथे वर्षातली सर्वांत मोठी विक्री चालू होती. आज पुण्यात हिंजवडी-खराडीतल्या कितीतरी टेबलांवर अशाच पाळ्या चालतात. क्लायंट नाताळच्या जेवणावर असतो, इथे मध्यरात्र उलटलेली असते आणि पडद्यावर लाल अलर्ट येतो. फोन वाजतो आणि थेट व्हॉइसमेलवर जातो. त्या क्षणी काय करायचं, हे त्या क्षणी ठरवता येत नाही. क्लायंटचं संरक्षण नोव्हेंबरातच करून ठेवावं लागतं. कोणता सर्व्हर न विचारता जाळ्यातून तोडायचा, कोणता कधीच नाही, सुट्टीत खरोखर फोन उचलणारी दोन माणसं कोण, आणि त्यांचे ऑफिसबाहेरचे नंबर कोणते, हे सगळं लेखी हवं, क्लायंटच्या सहीसकट.

ऑफिसबाहेरचे नंबर का, ते युक्रेनने दाखवलं. २३ डिसेंबर २०१५ला तिथल्या तीन वीज वितरण कंपन्यांमधल्या ऑपरेटरांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप फिरू लागला आणि उपकेंद्रं एकेक करून बंद पडत गेली. ऐन थंडीत सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. तक्रार केंद्रावर खोट्या फोनांचा एवढा मारा झाला की खऱ्या ग्राहकाला लाइन मिळेना; ऐन वेळी ऑफिसचा फोन असाच अडू शकतो. कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले, हाताने स्विच चालवले, तेव्हा काही तासांत दिवे आले. हाताने चालवण्याची पद्धत तिथे अजून मोडीत निघाली नव्हती, म्हणून ते शक्य झालं. हल्लेखोर मात्र आत शिरले होते कित्येक महिने आधी, एका ईमेलमधून.

२०२१ हे साल तर सुट्ट्यांवरच्या हल्ल्यांचंच ठरलं. मदर्स डेच्या आठवड्यात कलोनियल पाइपलाइन, मेमोरियल डेच्या सुट्टीत जेबीएस ही मांस कंपनी, ४ जुलैच्या तोंडावर कासेया ही सॉफ्टवेअर कंपनी. ऑगस्टअखेर एफबीआय आणि सिसा या अमेरिकी यंत्रणांनी सुट्ट्यांतल्या खंडणी-हल्ल्यांबद्दल संयुक्त इशारा दिला. मग ९ डिसेंबरला लॉगफोरजे या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जावा घटकातलं भगदाड जगजाहीर झालं. धोक्याच्या मापावर त्याला १० पैकी १० गुण होते. हा घटक सांभाळणारे मोजके स्वयंसेवक होते. त्यांनी २.१५, २.१६, २.१७ आणि वर्ष संपता संपता २.१७.१ अशा आवृत्त्या एकामागून एक काढल्या. अमेरिकी सरकारने आपल्या खात्यांना २३ डिसेंबर संध्याकाळची मुदत दिली. आपल्या क्लायंटकडे हा घटक नेमका कुठे कुठे दडलाय याची यादी ज्यांच्याकडे तयार होती, त्यांना पॅच लावण्याचंच काम उरलं होतं. बाकीच्यांना आधी शोधायला बसावं लागलं.

सुट्टीचं कॅलेंडर मात्र सगळीकडे सारखं नसतं. पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला ११ ऑगस्ट २०१८चा. तो महिन्यातला दुसरा शनिवार होता, बँका बंद. २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे निघाले. १३ तारखेला स्विफ्टमार्गे हाँगकाँगला गेलेली रक्कम धरून एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. बांगलादेश बँकेवर २०१६ साली हात मारला गेला तो गुरुवारी रात्री, कारण तिथे शुक्रवारी सुट्टी. शिवाय पैसे जिथे पोचायचे होते त्या फिलिपीन्समध्ये सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी होती. आपल्या क्लायंटच्या दिवाळीचं रोस्टर २५ डिसेंबरइतक्याच काळजीने आखायला हवं, ते यासाठी.

२०२४चा नाताळ आठवला की थोडा धीर येतो. २४ डिसेंबरला सायबरहेवन या सुरक्षा कंपनीचाच एक कर्मचारी गूगलच्या नावाने आलेल्या खोट्या ईमेलला फसला. दुहेरी पडताळणी चालू असूनही क्रोमसाठीच्या त्यांच्या एक्स्टेंशनची लबाड आवृत्ती सुमारे चार लाख वापरकर्त्यांसमोर गेली. कंपनीच्या लक्षात आलं ते २५ तारखेला उशिरा. पण कळल्यापासून तासाभरात ती आवृत्ती उतरवली गेली आणि ग्राहकांनाही कळवण्यात आलं. त्या पाळीवर जे होते त्यांना निर्णय घेता येत होता.

आपल्याकडे मात्र ही रात्र सहसा सगळ्यात नव्या मुलामुलींच्या वाट्याला येते आणि अनुभवी मंडळी गोव्याला जातात. या नव्या मुलांनी काय करावं? त्यांच्याकडे डोळे आहेत, अधिकार नाही. यंदाचं रोस्टर लावणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, २४ डिसेंबर ते २ जानेवारीपर्यंतच्या प्रत्येक पाळीत निर्णय घेऊ शकणारं एक तरी वरिष्ठ माणूस टेबलाशी बसवा, आणि त्याची जानेवारीतली सुट्टी आत्ताच मंजूर करून टाका.