टँकर उलटतो तेव्हा: हैदराबाद, सॉल्व्हंट आणि काही घातक गैरसमज

13 नोव्हेंबर 2023, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस. हैदराबादच्या नामपल्ली भागात बाजारघाटमधल्या एका निवासी इमारतीला सकाळी आग लागली. तळमजल्यावर गाडी दुरुस्तीचे काम चालू होते आणि तिथेच ज्वलनशील रसायनाची पिंपे रचून ठेवली होती. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या नऊ जणांचा जीव गेला, त्यांतले बहुतेक धुराने गुदमरले. आपल्या पायाखाली काय साठवले आहे आणि ते पेटले किंवा सांडले तर काय करायचे, हे वर राहणाऱ्यांना कुणी सांगितले असते तर, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

हैदराबादमध्ये हा प्रश्न एका इमारतीपुरता नाही. साठच्या दशकात बालानगरला आयडीपीएलचा सरकारी औषध कारखाना उभा राहिला. त्यानंतर जीडीमेटला, बोल्लारम, पटानचेरू, पाशामैलारम अशा वसाहतींमधून औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने पसरत गेले. औषध बनवताना खुद्द औषधापेक्षा कितीतरी जास्त सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारे द्रव, लागतात: टोल्युइन, मिथेनॉल, अॅसिटोन, हेक्झेन. ही रसायने टँकरने आणि पिंपांतून येतात. पुण्याहून सोलापूर, उमरगा, जहिराबाद करत हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 65 पटानचेरूवरूनच जातो. म्हणजे हा विषय सोलापूरच्या ढाब्यावर थांबणाऱ्या ड्रायव्हरचा आहे, उमरग्याच्या बाजारपेठेचा आहे आणि कामासाठी हैदराबादला गेलेल्या मराठी माणसाचाही आहे. तरी असा टँकर उलटला की जमलेली गर्दी काय करते ते पाहिले, तर आपल्याला याबद्दल फार थोडे सांगितले गेले आहे हे उघड होते.

पहिला गैरसमज सगळ्यांत खोल रुजलेला आहे: “द्रवच तर आहे, गॅस थोडाच आहे? सांडले तिथेच राहील.”

सांडलेला द्रव स्वतः पेटत नाही, पेटते त्याची वाफ. टोल्युइनची वाफ 4 अंश सेल्सियसलाच पेटण्याजोगी होते आणि मिथेनॉलची साधारण 11 अंशांना. याचा अर्थ हैदराबादच्या जवळजवळ प्रत्येक दिवशी आणि बहुतेक सगळ्या रात्री ती ठिणगीची वाट पाहत असते. एक साधा हिशेब मांडतो. एक लिटर टोल्युइन पूर्ण उडून गेले तर सुमारे 230 लिटर वाफ होते. हवेत तिचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास पोहोचले की मिश्रण पेटू शकते. म्हणजे एका लिटरने सुमारे 20 घनमीटर हवा, दहा फूट लांब, सात फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी बंद खोली, स्फोटक होऊ शकते. टँकरमध्ये असे हजारो लिटर असतात.

ही वाफ हवेपेक्षा तिप्पट जड आहे. ती वर न जाता जमिनीलगत सरपटते आणि खड्ड्यात, तळघरात, नाल्यात जाऊन बसते. लांबच्या चहाच्या टपरीवरचा स्टोव्ह तिला गाठतो आणि ज्वाला उलट्या दिशेने टँकरपर्यंत धावत येते. त्यामुळे “मी तर लांब उभा होतो” हे वाक्य अशा ठिकाणी फारसे उपयोगाचे नसते. किती लांब, यापेक्षा वाऱ्याच्या कोणत्या बाजूला आणि उताराच्या वर की खाली, हे पाहावे लागते. 13 जून 2023 रोजी लोणावळ्याजवळ मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर ज्वलनशील रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळता द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडला आणि ज्यांचा त्या महामार्गाशी काही संबंधच नव्हता, अशी खालून जाणारी माणसेही त्यात सापडली.

द्रव किती दूर जाऊ शकतो, याचे सर्वांत कठोर उदाहरण विशाखापट्टणमचे. 7 मे 2020 च्या पहाटे एल. जी. पॉलिमर्सच्या कारखान्यातून जे बाहेर पडले, त्याला बातम्यांनी वायुगळती म्हटले. टाकीत होते स्टायरिन, 145 अंशांना उकळणारा द्रव. लॉकडाउनमध्ये पडून राहिलेल्या त्या साठ्यात स्टायरिनचे रेणू आपोआप एकमेकांना जोडले जाऊ लागले, त्या क्रियेच्या उष्णतेने द्रव तापत गेला आणि वाफ होऊन झोपलेल्या वस्तीत शिरला. बारा जण दगावले. तिथे आगीची गरजच पडली नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. “आग लागली नाही, म्हणजे वाचलो” असे लोक म्हणतात, पण वाफ पेटण्याच्या कितीतरी आधी विषारी झालेली असते. टोल्युइन हवेत दहा लाख भागांत 500 भाग झाले की ती हवा जिवाला तत्काळ धोक्याची मानतात. पेटण्यासाठी याच्या वीसपटीहून जास्त वाफ लागते. चक्कर, बडबड, पाय लटपटणे, मग बेशुद्धी, हा क्रम आग न लागताही पूर्ण होतो. पडलेल्या सहकाऱ्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही तिथेच कोसळतो. टाक्या आणि खड्ड्यांमधल्या दुर्घटनांत वाचवायला गेलेल्यांचे मृत्यू पुन्हा पुन्हा होतात ते यामुळेच. स्वतंत्र हवेचा सिलिंडर पाठीवर असल्याशिवाय आत जाऊ नये, हा नियम निष्ठुर वाटतो, पण त्याने घरे वाचतात.

“वास आला की पळू.” टोल्युइनचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, हे खरे. पण नाक लवकर थकते. वास कमी झाला असे वाटते तेव्हा वाफ कमी झालेली असेलच असे नाही. मिथेनॉलचा वास तर इतका सौम्य असतो की सुरक्षित मर्यादा ओलांडली तरी तो जाणवेलच याची खात्री नाही. आणि वास येऊनही माणसे थांबतात, हे मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहराने दाखवून दिले. तिथे पाइपलाइनमधून गळालेले पेट्रोल गटारांत उतरले होते. रहिवासी आधीपासून वासाची तक्रार करत होते. 22 एप्रिल 1992 रोजी शहराखालची गटारेच फुटत गेली आणि दोनशेहून अधिक माणसे मेली.

म्हणूनच “पाण्याचा पाइप लावा आणि गटारात ढकलून द्या” हा सल्ला मला सर्वांत जास्त घाबरवतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पाणी हाताशी असते आणि रस्ता दोन मिनिटांत स्वच्छ दिसतो. पण टोल्युइन पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे जोराच्या फवाऱ्याने ते तरंगत पसरते आणि आग लागलेली असेल तर आगही सोबत नेते. मिथेनॉल पाण्यात मिसळते, पण मिश्रणाचा चौथा भाग मिथेनॉल असला तरी ते पेट घेऊ शकते. शिवाय भर दुपारी त्याची फिकट निळी ज्वाला दिसतही नाही. समोर आग नाही असे समजून माणूस तिच्यात पाय ठेवतो.

आणि गटारातून ते जाते कुठे? पटानचेरूच्या नाल्यांचे पाणी नक्कावागू नावाच्या ओढ्यात उतरते. औद्योगिक प्रदूषणामुळे त्या ओढ्याचे आणि काठच्या शेतीचे जे झाले ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. नक्कावागू मंजिरा नदीला मिळतो. तेलुगूत मंजिरा म्हणतात ती आपली मांजरा, बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरांत उगम पावून लातूर, बिदर करत तेलंगणात जाणारी आणि पुन्हा वळून नांदेडच्या सीमेवर गोदावरीला भेटणारी. पटानचेरूच्या रस्त्यावर ओतलेला द्रव कोणाच्या तरी नदीतच जातो.

मग करायचे काय? द्रव अडवायचा. वाळू किंवा कोरडी माती यांचा बांध उताराकडच्या बाजूला घालायचा आणि नाल्याची तोंडे झाकायची, तेही धोक्याच्या क्षेत्राबाहेर राहून शक्य असेल तरच. लाकडाचा भुसा वापरू नये, कारण तो स्वतः जळतो. वाफ दाबण्यासाठी अग्निशमन दल फेस वापरते, आणि मिथेनॉलसाठी तो साधा फेस चालत नाही, अल्कोहोलमध्ये विरून जातो. त्यासाठी अल्कोहोलला दाद न देणारा वेगळा फेस लागतो.

कोणता फेस, कोणता पोशाख, पाणी की नाही, हे सगळे टँकरच्या अंगावर लिहिलेले असते. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार घातक माल नेणाऱ्या वाहनावर आपत्कालीन माहितीचा फलक असावा लागतो. त्यावर चार आकडी यूएन क्रमांक असतो: मिथेनॉलचा 1230, टोल्युइनचा 1294. त्याशिवाय एक छोटा संकेत असतो. टोल्युइनचा संकेत 3 वाय ई. त्यातला 3 म्हणजे फेस वापरा, वाय म्हणजे श्वसनयंत्र लावून जा आणि द्रव वाहू देऊ नका, ई म्हणजे आसपासचे लोक हलवण्याचा विचार करा. मिथेनॉलच्या संकेताच्या सुरुवातीला 2 आणि एक टिंब असते. 2 म्हणजे बारीक तुषार, टिंब म्हणजे तो खास फेस. हे सारे गर्दीने पाठ करायची गरज नाही. गरज एवढीच आहे की 112 वर फोन करणाऱ्याने लांबूनच, दिसत असेल तर, तो चार आकडी क्रमांक वाचून सांगावा. “केमिकलचा टँकर पलटी झालाय” एवढ्यावर निघालेली गाडी आणि “1230” ऐकून निघालेली गाडी, यांत सोबत काय घेतले जाते याचा फरक पडतो.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांची आपत्कालीन पुस्तिका मिथेनॉलसारख्या ज्वलनशील-विषारी द्रवांसाठी सांडलेल्या जागेभोवती सर्व बाजूंनी किमान 50 मीटर जागा मोकळी करायला सांगते. टँकरच पेटला असेल तर 800 मीटर. अग्निशमन दल सगळ्यांना मागे हटवते आणि लोक ओरडतात, “नुसते उभे आहेत!” ते उभे असतात कारण पुढे जाण्याआधी कोणते रसायन आहे आणि वारा कुठून आहे, हे ठरवायचे असते.

“फुकट मिळतेय, भरून घ्या.” 25 जून 2017 रोजी पाकिस्तानात बहावलपूरजवळ उलटलेल्या टँकरमधले पेट्रोल भरायला गाव धावले आणि दोनशेहून अधिक जण जळून मेले. मिथेनॉलच्या बाबतीत मरण कॅनमधून घरीही येते. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. 10 मिलिलिटर इतके थोडे मिथेनॉलही दृष्टी घालवू शकते. त्याची लक्षणे अनेकदा 12 ते 24 तासांनी दिसतात, त्यामुळे ज्याच्या अंगावर ते सांडले किंवा पोटात गेले तो माणूस “ठीक आहे मी” म्हणत असला तरी त्याला दवाखान्यात न्यावेच लागते. कातडीतूनही ते शरीरात शिरते. भिजलेले कपडे लगेच काढावेत आणि 20 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे. पोटात गेले असेल तर उलटी करवू नये, विशेषतः टोल्युइनच्या बाबतीत, कारण वर येताना ते फुप्फुसात उतरू शकते.

ओला रुमाल? टोल्युइन पाण्यात विरघळत नाही, तेव्हा ओले कापड त्याची वाफ अडवत नाही. धुळीसाठीचा एन-95 मास्कही नाही. तो बांधून थांबण्यापेक्षा वाऱ्याला आडवे चालत बाहेर पडणे चांगले. निघताना गाडीला किल्ली लावू नये, दिव्याचे बटण दाबू नये, चालू असेल तर बंदही करू नये.

शेवटचा गैरसमज कारखान्याभोवती राहणाऱ्यांचा: “आतले आम्हाला कशाला सांगतील?” कायद्याने सांगायलाच हवे. घातक रसायनांविषयीच्या 1989 च्या नियमांनुसार मोठा साठा बाळगणाऱ्या कारखान्याने अपघाताचे स्वरूप काय असू शकते आणि तेव्हा काय करावे व काय करू नये, हे आसपासच्या लोकांना कळवणे बंधनकारक आहे. कुंपणाबाहेरचा आपत्कालीन आराखडा जिल्हा प्रशासनाने बनवायचा असतो, त्याच्या रंगीत तालमी व्हायच्या असतात. 1996 च्या नियमांनी तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट ठरवून दिला आहे. छोट्या साठ्यालाही नियम आहे: ज्वलनशील पेट्रोलियम द्रव परवान्याशिवाय साठवायची मुभा सर्वांत सहज पेटणाऱ्या अ वर्गासाठी 30 लिटरपर्यंतच आहे, आणि टोल्युइन त्याच वर्गात बसते. तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पिंपे येऊन पडली असतील, तर सोसायटीच्या सचिवांना परवाना दाखवायला सांगा, आणि तो नसेल तर अग्निशमन विभागाकडे लेखी तक्रार द्या.