पेटीतली गिनी आणि आफ्रिकेचं हरीण

विष्णुपुरी-नांदेडच्या जुन्या घरांत सासूबाईंची पेटी उघडली, की एखादं सोन्याचं नाणं निघतंच. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, तेव्हा चारमिनारची अशरफी निघाली तर नवल नाही. माळेतल्या पुतळीचं मूळ तर थेट व्हेनिसचं! तिच्यावरचे संत आपल्या बायकांना देवच वाटले अन् गळ्यात येऊन बसले.

गिनी निघाली तर मात्र भिंग घेऊन बघा. घोडेस्वाराच्या पायाखालच्या जमिनीवर बारीक 'आय' अक्षर आणि साल १९१८ असेल, तर ती आपल्या मुंबईची. 'एसए' असेल तर आफ्रिकेतल्या प्रिटोरियाची, १९२३ ते १९३२ मधली. वजन दोन्हींचं ७.९८ ग्रॅम, सोनं बावीस कॅरट. लग्नसराईत बांगड्यांसाठी मोडायची घाई होते. पण मोडीत सोन्याचाच भाव मिळतो, अक्षराचा नाही. आधी नाण्यांच्या जाणकाराला दाखवा.

त्याच दक्षिण आफ्रिकेनं १९६७ साली क्रूगररँड काढलं. एका बाजूला पॉल क्रूगर, दुसरीकडे स्प्रिंगबॉक हरीण. वजन ३३.९३ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं ३१.१, उरलेलं तांबं, म्हणून रंग लालसर. सराफानं नाक मुरडलं तर गडबडू नका. वर्णद्वेषी राजवटीचं म्हणून अमेरिकेनं १९८५ साली त्याची आयातच थांबवली होती. झिंबाब्वेत महागाईपुढे नोटांचं मोल टिकेना, तेव्हा २०२२ साली तिथल्या रिझर्व्ह बँकेनं बचतीसाठी 'मोसी-ओआ-तुन्या' हे सोन्याचं नाणं आणलं. नाव व्हिक्टोरिया धबधब्याचं, अर्थ 'गर्जणारा धूर'. पगार हातात येईतो त्याचं मोल उतरतं, हा पेच कुठल्याही गृहिणीला सांगावा लागत नाही!

आता परदेशातले नातलग असली स्मारक नाणी आणतात. सुरेख असतात, पण डबी, प्रमाणपत्र, मर्यादित संख्या याचे जादा पैसे पडतात आणि आपला सराफ तराजूच बघतो. हौसेला एखादं ठीक. अडीनडीला मोडायचं सोनं हवं तर साधंच घ्यावं. पावती मात्र हवीच.

नाण्याला कडी बसवू नका, चिंचेनं घासू नका. संग्राहकाच्या लेखी किंमत तिथेच उतरते. कडेनं धरून मऊ मलमलीत गुंडाळावं. शंभर वर्षांवरचं नाणं परदेशी लेकीला पाठवायचा मोह टाळा, १९७२ च्या कायद्यानं मनाई आहे. आणि वहीत वजन, साल, कोणाकडून आलं, कोणत्या लेकीला द्यायचं, एवढं स्वतःच्या हातानं लिहून ठेवा.