कुर्बान, नवस आणि आईवडील

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील प्रभू येशू आणि परुशी यांचा वाद आपल्या परिचयाचा आहे. दर तीन वर्षांनी, 'ब' वर्षात, सामान्य काळातील २२ व्या रविवारी तो मिस्साबलिदानात वाचला जातो. शिष्य न धुतलेल्या हातांनी जेवतात अशी तक्रार होते, आणि येशू यशया संदेष्ट्याच्या वचनाचा आधार घेऊन ओठांवरची भक्ती व अंतःकरणाची भक्ती यांतील अंतर दाखवून देतो. मात्र रविवारच्या या वाचनात ९ ते १३ ही वचने गाळलेली आहेत, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही. ती ऐकायची असतील तर सामान्य काळाच्या पाचव्या सप्ताहातील मंगळवारी मिस्साबलिदानाला यावे लागते. आणि मंगळवारी सकाळी किती बाके भरलेली असतात, हे वाचक जाणतातच. माणसांनी घडविलेली परंपरा देवाची आज्ञा कशी मोडते, याचे येशूने दिलेले उदाहरण नेमके याच पाच वचनांत आहे, आणि ते आईवडिलांविषयीचे आहे.

प्रथम हात धुण्याविषयी थोडेसे. दर्शनमंडपात सेवेसाठी जाण्यापूर्वी अहरोनाने व त्याच्या पुत्रांनी हातपाय धुवावेत, अशी आज्ञा निर्गमच्या ३० व्या अध्यायात आहे. ती याजकांसाठी होती. परुश्यांनी हा शुद्धतेचा आदर्श सामान्य माणसाच्या जेवणाच्या पंक्तीपर्यंत आणला. घराघरातील भोजन वेदीवरील अर्पणाइतके पवित्र व्हावे, हा त्यामागील विचार थोर होता. म्हणून 'परुशी म्हणजे ढोंगी' हे आपल्या प्रवचनांतील सोपे समीकरण आम्हांला मान्य नाही. निकदेम परुशी होता, गमलिएलही परुशीच होता. परंपरा बहुधा चांगल्या हेतूनेच जन्माला येते. तिचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

आता कुर्बान. हा हिब्रू शब्द 'जवळ आणणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. देवाजवळ आणलेले अर्पण ते कुर्बान. आपल्या कानांना ओळखीचा 'कुर्बानी' हा शब्द त्याच कुळातील अरबी शब्दावरून आलेला आहे. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस याने या शब्दाचा उल्लेख केला आहे, आणि जेरुसलेमजवळ सापडलेल्या एका अस्थिपेटीच्या झाकणावरही तो कोरलेला आढळला आहे. 'माझ्याकडून तुम्हांला जो लाभ झाला असता तो कुर्बान आहे,' असे मुलाने आईवडिलांना उद्देशून उच्चारले, की त्याच्या संपत्तीतून त्यांना काही देणे निषिद्ध ठरे. ती संपत्ती लगेच मंदिरात पोहोचती केली पाहिजे असेही नव्हते. ती मुलाच्याच हाती राहू शके. पुढे त्याला पश्चात्ताप झाला तरी शपथ पवित्र असल्याने त्याला मागे फिरू दिले जात नसे. येशूचा रोष या ठिकाणी आहे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात, आईवडिलांच्या सन्मानासाठी अशा शपथेतून मुक्त होण्याची वाट मोकळी केलेली दिसते.

येशू सरसकट परंपरेविरुद्ध बोलला, असा अर्थ काही पंथीय बंधू काढतात आणि आपल्या भाविकांना गोंधळात टाकतात. शब्बाथ दिवशी सभास्थानात जाण्याचा त्याचा स्वतःचा परिपाठ लूक नोंदवतो. प्रेषितांकडून आलेली पवित्र परंपरा वेगळी, आणि स्थळकाळानुसार निर्माण झालेल्या रूढी वेगळ्या. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात (१९९२) परिच्छेद ८३ मध्ये हा भेद स्पष्ट केला आहे. रूढी राखता येतात, बदलता येतात, प्रसंगी सोडूनही देता येतात.

आपल्याकडील नवसाला हाच निकष लागतो. वेलंकणीची यात्रा, वांद्र्याच्या मोतमाऊलीला मेणाचे हातपाय, संत अंतोनीच्या नावाने अन्नदान ही आपल्या लोकांची निर्मळ भक्ती आहे आणि तिला हसणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही नाही. परंतु नवसासाठी साठवलेल्या पैशाला 'तो देवाचा आहे' म्हणून हात लावायचा नाही आणि आईचे मोतिबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलायचे, असे घडते तेव्हा कुर्बान आपल्याच घरात उभे राहते. मृतांच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, फुलांनी झाकलेल्या काही कबरींसमोर आम्हांला असाच प्रश्न पडतो. त्यातील वृद्धांचे अखेरचे दिवस कसे गेले हे गावाला माहीत असते.

नवस फेडला नाही तर संकट येईल, या भीतीपोटी अनेकजण अडकून पडतात. चर्चचा कायदा याविषयी काय सांगतो, ते म्हणून येथे देत आहोत. १९८३ च्या कायदासंहितेनुसार (नियम ११९१) नवस म्हणजे देवाला विचारपूर्वक व स्वेच्छेने दिलेले, शक्य असलेल्या आणि अधिक चांगल्या गोष्टीचे वचन. भयाने किंवा फसवणुकीने करवून घेतलेला नवस मुळातच रद्दबातल असतो. मात्र ते भय गंभीर व अन्यायाने घातलेले असावे लागते. नियम ११९३ प्रमाणे नवस स्वभावतः तो करणाऱ्यालाच बांधतो. आजीने बोललेला नवस नातवाच्या आजाराचे कारण आहे, असे कोणी सांगत असेल तर त्याला चर्चच्या शिकवणुकीत आधार नाही. आपला खासगी नवस तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृत्यात बदलण्याची मोकळीक नियम ११९७ त्या व्यक्तीला स्वतःलाच देतो. यात्रेसाठी ठेवलेली रक्कम वडिलांच्या औषधोपचारासाठी वापरणे हे त्यात सहज बसते. त्याहून लहान कृत्यात बदल करायचा असेल, किंवा न्याय्य कारणाने नवसातून पूर्ण मुक्तता हवी असेल, तर बिशपमहोदयांकडे जाण्याची गरज नाही. नियम ११९६ अन्वये हा अधिकार आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनाही आहे, फक्त त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या प्राप्त हक्काला बाध येता कामा नये. नवस काय होता, केव्हा केला आणि आता अडचण कोणती, एवढे त्यांना सांगितले की पुरे. यासाठी कोणतीही देणगी द्यावी लागत नाही.