वर्षाला एकशे छप्पन्न खेपा

डायलिसिसवर असलेल्या माणसाचं वर्ष 156 खेपांचं असतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास यंत्रावर. केंद्र गावापासून साठ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन 120 किलोमीटर, म्हणजे वर्षाचे 18,720. सव्वादोन वर्षं होण्याआधीच या माणसाची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते, तीही एसटीच्या बाकावर, सुया टोचलेला हात गर्दीतून सांभाळत. परतीला रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून सोबत कुणीतरी लागतंच. दोघांचे मिळून वर्षाला 312 दिवस गेले. शेतमजुराच्या घरात एवढे दिवस आणायचे कुठून? मग तीनाचे दोन होतात. ‘आठवड्याला दोनात भागवतो,’ असं पेशंट सांगतात. शरीराचं मात्र दोनात भागत नाही. साठलेलं पाणी आधी पायांवर सूज होऊन दिसतं, मग छातीत चढतं.

यंत्राकडून आपण काय मागतोय, तेही पाहा. दोन्ही मूत्रपिंडांचं वजन मिळून जेमतेम तीनशे ग्रॅम. ती दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातलं दीड-दोन लिटर लघवीवाटे सोडतात आणि बाकीचं रक्ताला परत देतात. आठवड्याचे 168 तास, न थांबता. डायलिसिसच्या यंत्राला त्यातले बारा तास मिळतात. त्या बारातलेही चार गेले, तर उरलेल्या आठांवर माणूस किती दिवस तग धरणार?

29 फेब्रुवारी 2016 रोजी अरुण जेटलींनी अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. देशात दरवर्षी मूत्रपिंड पूर्ण निकामी झालेल्या 2.2 लाख नव्या रुग्णांची भर पडते आणि त्यांच्यासाठी 3.4 कोटी डायलिसिस जास्तीचे लागतात, असं तेव्हा सांगितलं गेलं. 2.2 लाखांना 156 ने गुणलं की हा आकडा येतो. पण खरा हादरा त्यापुढच्या हिशेबात आहे. ही भर दरवर्षी पडते. प्रत्येक जण पाच वर्षं जगला, तर यंत्रावर 11 लाख माणसं हवीत आणि वर्षाला 17 कोटी डायलिसिस. प्रत्यक्षात 2018 मध्ये देशभरात नियमित डायलिसिसवर असलेल्यांचा अंदाज होता पावणेदोन लाखांचा. एका वर्षात जेवढे नवे येतात, त्याहूनही सगळे जुने-नवे मिळून कमी! मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण होतं वर्षाला तेरा हजारांच्या आसपास. मग बाकीचे कुठे आहेत? ते कुठल्याही प्रतीक्षायादीत नाहीत. बरेच जण यंत्रापर्यंत पोचलेच नाहीत, बरेच पोचून काही महिन्यांत थांबले. केंद्राला उशीर झाला की यादी वाढत नाही, ती आपोआप आखडते. म्हणून हा उशीर कागदावर दिसतच नाही, आणि याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो.

काहीच झालं नाही असं नाही. 2025 च्या मध्यापर्यंत या कार्यक्रमात 1,700 केंद्रं आणि 11,700 यंत्रं उभी राहिली. हे मोठं काम आहे. तरी प्रत्येक यंत्र रविवार सोडून रोज तीन पाळ्यांत, एकदाही बंद न पडता चाललं, असं धरलं तरी वर्षाला 1.1 कोटी डायलिसिस होतात. बाकीचा भार खासगी केंद्रांवर, आणि ती शहरांत आहेत.

शिवाय सुरुवात झाली ती जिल्हा रुग्णालयांपासून. कारभाराच्या दृष्टीनं ते सरळ होतं, पण जिल्हा म्हणजे केवढा? गडचिरोलीचं क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास चार गोवे. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर दोनशे किलोमीटरच्या वर. तेवढं अंतर आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन कापायला लागलं, तर वर्षाला पृथ्वीभोवती दीड फेरी होते. डायलिसिस योजनेत फुकट झालं, तरी प्रवास आणि बुडालेली मजुरी फुकट झालेली नाही.

तालुक्याला केंद्र करायचं म्हटलं की चर्चा यंत्रांच्या खरेदीवर येऊन थांबते, आणि अडतं दुसरीकडेच. तंत्रज्ञ मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. वीज जाते. आणि पाणी! यंत्रातून मिनिटाला अर्धा लिटर द्रव वाहतो, म्हणजे चार तासांत 120 लिटर अतिशुद्ध पाणी. ते करताना आरओमधून जवळजवळ तेवढंच वाया जातं. एका डायलिसिसला 250 लिटर धरा. ज्या वर्षी हा कार्यक्रम जाहीर झाला, त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली होती, पाच लाख लिटर घेऊन. त्या अख्ख्या गाडीतल्या पाण्यात 2,000 डायलिसिस होतात. म्हणजे तेरा माणसांचं एक वर्षही पुरतं निघत नाही.

हा आकडा पुढे करून कुणी म्हणेल, मग दुष्काळी तालुक्यात हे जमायचंच नाही. मला ते पटत नाही, कारण एका तालुक्यापुरता हिशेब आवाक्यातला आहे. पाच यंत्रं, रोज दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस. साठ डायलिसिस, वीस पेशंट. पाणी आठवड्याला 15,000 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दीड टँकर. आणि हे केंद्र नसेल तर तेच वीस जण साठ-साठ किलोमीटरवर जाऊन-येऊन वर्षाला 3,74,400 किलोमीटर कापतात. चंद्र आपल्यापासून सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे. दीड टँकर पाणी, तीन-चार तंत्रज्ञांची भरलेली पदं आणि वीज गेली की लगेच चालू होणारा जनरेटर, एवढ्यासाठी आपण वीस आजारी माणसांना दरवर्षी तिथवर चालवतो आहोत.